पोरगा सोळाचा, दुकान रात्री दहापर्यंत : बालकामगार कायद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून बालकामगार कायद्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही निवडक पत्रं इथे घेतली आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच सूर आहे : कायदा जरा सैल केला तर बिघडतं कुठे? म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कायदा सैल होतो तेव्हा ‘चौदा वर्षांखाली काम नाही’ या आकड्याला सहसा कोणी हात लावत नाही. तास वाढवले जातात, वयाचा दाखला मागणं बंद होतं, ‘घरचंच काम आहे’ म्हणून एक दार उघडं ठेवलं जातं. खालच्या उत्तरांत ही तीन ठिकाणं पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडची काही राज्यं मुलांना कामावर ठेवण्याचे कायदे सैल करत आहेत, त्यावरून मोठं राजकारण चाललंय, असं ती सांगते. नेमकं काय बदललं? आपल्याकडेही असं होऊ शकतं का? (एक वाचक, ऐरोली)

तिथला मूळ केंद्रीय कायदा 1938 चा आहे. त्यानुसार 14 आणि 15 वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी 3 तास आणि शाळेच्या आठवड्यात 18 तासच काम देता येतं, तेही संध्याकाळी सातच्या आत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही वेळ रात्री नऊपर्यंत जाते. राज्यांचे कायदे वेगळे असतात आणि केंद्र व राज्य यांपैकी जो नियम कडक तो पाळायचा असतो.

आर्कान्सासने 2023 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांसाठी लागणारा कामाचा परवाना रद्द केला. या परवान्यासाठी मुलाचं वय तपासलं जायचं आणि पालकांची संमती घेतली जायची. ‘एक कागद कमी झाला, पालकांचा हक्क पालकांकडे आला,’ असं बाजूचे म्हणाले. विरोधकांचं म्हणणं असं की कामावर घेण्याआधी मुलाचं वय सरकारदरबारी तपासलं जाण्याची तेवढी एकच वेळ होती, तीही गेली. त्याच वर्षी आयोवाने 14-15 वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशीही 6 तास आणि रात्री नऊपर्यंत कामाची मुभा दिली, उन्हाळ्यात अकरापर्यंत. हे केंद्राच्या नियमाला सरळ छेद देणारं आहे. त्यामुळे राज्याच्या कायद्यावर विसंबून मुलांना जास्त वेळ थांबवणारा हॉटेलवाला केंद्राच्या तपासणीत अडकतो. फ्लोरिडात 16-17 वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवसांत आठवड्याला 30 तासांची मर्यादा होती. पालकांनी लिहून दिलं तर ती उठवता येईल, असं 2024 मध्ये ठरलं. या वयाच्या मुलांना केंद्राच्या कायद्यात तासांची मर्यादाच नाही, त्यामुळे राज्याची मर्यादा गेली की मागे काहीच उरत नाही. 2025 मध्ये तिथे रात्रपाळीची वाट मोकळी करणारं विधेयकही आलं होतं, ते मंजूर झालं नाही.

हे बदल आणणारे म्हणतात की माणसं मिळत नाहीत, मुलांना लवकर जबाबदारी कळते आणि पोराचं काय करायचं ते आईबाप ठरवतील. यातला शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत कमकुवत वाटतो. घरात पैशाची चणचण असेल तर पालकांच्या सहीमागे त्यांची मर्जी किती असते आणि नाइलाज किती, हे सांगायला नको. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या कामगार खात्याने कत्तलखान्यांची सफाई करणाऱ्या एका कंपनीला 15 लाख डॉलर दंड केला. 8 राज्यांतल्या 13 कारखान्यांत 13 ते 17 वयाची 102 मुलं रात्रपाळीत दाहक रसायनांनी करवती आणि यंत्रं धूत होती. कायद्याने बंदी होतीच. तरी मुलं आत पोहोचली, कारण दारावर वय नीट पाहिलं गेलं नाही.

आपल्याकडे कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. मात्र केंद्राच्या कायद्याशी विसंगत दुरुस्ती राज्याने केली तर तिला राष्ट्रपतींची संमती लागते. त्यामुळे तिकडच्यासारखी राज्यागणिक धावाधाव इथे सोपी नाही. पण सैल करण्याचा प्रश्न म्हणाल तर तो आपल्याकडे येऊन गेलाय. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीत तोच वाद होता. तिच्याबद्दल दिवा इथून आलेल्या पत्राच्या उत्तरात सविस्तर.

प्रश्न : जांभळी नाक्याजवळ माझं किराणा दुकान आहे. ओळखीचा एक मुलगा दहावी होऊन बसलाय, वय सोळा पूर्ण. सुट्टीत कामाला ठेवू का? सकाळी नऊ ते रात्री दहा दुकान उघडं असतं. आता बारा तासांना परवानगी मिळाली असं ऐकलं. (ठाणे पश्चिम)

ठेवता येईल, पण तुमच्या वेळेत नाही. बारा तासांचं तर विसराच. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांसाठी रोजचे तास 9 वरून 12 आणि दुकानांसाठी 9 वरून 10 करायला मान्यता दिली, ती 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. तुमच्या या मुलाचा त्याच्याशी संबंध नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत गेले. बालकामगार कायदा त्या 29 मध्ये नाही, तो जसाच्या तसा उभा आहे.

त्या कायद्यात 14 पूर्ण झालेला पण 18 न झालेला म्हणजे किशोर. किशोराला कामावर ठेवताना कलम 7 आणि 8 चा हिशेब असा आहे. सलग 3 तासांपेक्षा जास्त काम नाही. 3 तास झाले की किमान एक तास सुट्टी. सुट्टी आणि ‘जरा थांब, माल येतोय’ म्हणून बसवून ठेवलेला वेळ धरून सगळं मिळून दिवसाला 6 तास. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, तिचा वार पाटीवर लिहायचा आणि तीन महिन्यांतून एकापेक्षा जास्त वेळा बदलायचा नाही.

तुमच्या दुकानात हे असं बसेल : सकाळी 9 ते 12 काम, 12 ते 1 जेवण, 1 ते 3 काम. झाले 6 तास, त्यात काम 5 तासांचं. किंवा दुपारी 4 ते 7, तीन तास, विषय संपला. बहुतेक दुकानदार चुकतात ते इथेच. गिऱ्हाईक सातनंतर येतं, गर्दी साडेसात ते नऊ असते, मग पोराला ‘आज थांब’ सांगितलं जातं. एक दिवस थांबवलं की रोजचंच होतं. संध्याकाळच्या गर्दीसाठीच माणूस हवा असेल तर अठरा पूर्ण झालेला घ्या, हा मुलगा त्या कामाचा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. एका दिवशी दुसऱ्या आस्थापनेत काम करून आलेल्या किशोराला तुम्ही त्याच दिवशी कामाला लावू शकत नाही. मुलगा पहाटे पेपरची लाइन टाकत असेल तर विचारून घ्या. आठच्या आधी असल्याने ते काम मुळातच नियमात बसत नाही, आणि वर तुमचा दिवसही त्यात अडकतो.

कागदपत्रं थोडी आहेत पण ती हवीतच. कामावर घेतल्यापासून 30 दिवसांत कामगार निरीक्षकाला लेखी कळवायचं : दुकानाचं नाव आणि जागा, कारभार कोण पाहतं, पत्रव्यवहाराचा पत्ता, कामाचं स्वरूप. एक नोंदवही ठेवायची. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाच्या आणि सुट्टीच्या वेळा, काम काय. साधी रेघांची वही चालते, पण रोज भरा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत एकाच पेनाने भरलेली वही पाहिल्याबरोबर ओळखू येते. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला या दोन्हींची झेरॉक्स वहीला लावा आणि दोन्हींवरच्या तारखा जुळतात का ते स्वतः बघा. ‘त्याने अठरा सांगितलं होतं’ ही सबब कामी येत नाही.

दुकानात दहापेक्षा कमी माणसं आहेत म्हणून आपल्याला काही लागू नाही, असा समज आमच्याकडे आलेल्या चार पत्रांत दिसला. तो दुकाने व आस्थापना कायद्यातल्या जुन्या अटीबद्दल आहे. बालकामगार कायद्यात कामगारांच्या संख्येची अट नाही, एकच माणूस असला तरी तो लागू होतो.

दिवाळीत दुकानापुढे फटाक्यांचा स्टॉल लावत असाल तर त्या दिवसांत हा मुलगा तिथे उभा राहता कामा नये. स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांचं काम 18 पर्यंत पूर्ण बंद आहे. तिथे पकडलं गेलं तर शिक्षा 14 खालच्या मुलाला ठेवल्याइतकीच आहे : 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 हजार ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. वही न ठेवणं किंवा तासांचे नियम मोडणं यासाठी एक महिन्यापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड.

प्रश्न : मी घरी राख्यांचं काम घेते. ठेकेदार मणी, गोंडे, धागा आणून देतो, ग्रॉसवर पैसे मिळतात. माझी बारा वर्षांची मुलगी शाळेतून आली की सोबत बसते. घरच्याच कामात मदत केली तर चालते असं सगळे म्हणतात. खरं काय? (दिवा)

ताई, तुमचा प्रश्न या पानावरचा सर्वांत अवघड आहे आणि सगळा वाद याच्याभोवतीच आहे.

2016 च्या आधी कायद्यात धोकादायक धंद्यांची आणि प्रक्रियांची एक लांबलचक यादी होती आणि 14 खालच्या मुलांना तेवढ्याच ठिकाणी बंदी होती. यादीबाहेरच्या कामांना नियम होते, बंदी नव्हती. 1 सप्टेंबर 2016 पासून ही बंदी सगळ्याच कामांना लागू झाली. हे पाऊल मोठं होतं. पण त्याच दुरुस्तीत दोन अपवाद आले. एक, शाळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या उद्योगाला मदत. दोन, सिनेमा, मालिका, जाहिराती आणि खेळ, त्यातही सर्कस वगळून. पहिल्या अपवादावर संसदेत आणि बाहेर जोरदार वाद झाला. सरकारचं म्हणणं, मुलगा बापाच्या हाताखाली कारागिरी शिकतो, त्याला गुन्हा कसं म्हणणार? विरोधकांचं म्हणणं, घर हे एकच ठिकाण असं आहे जिथे निरीक्षक कधी जात नाही, आणि ठेकेदाराचं काम आता घराघरांत जाईल. युनिसेफनेही त्या वेळी या अपवादाबद्दल काळजी व्यक्त केली होती.

मग 2017 मध्ये नियम आले आणि त्यांनी हा अपवाद बराच आवळला. तुम्हाला लागू होतो तो भाग असा : मदत म्हणजे उत्पादन, पुरवठा किंवा विक्रीच्या साखळीतलं, मुलाला किंवा कुटुंबाला पैसे मिळवून देणारं काम नव्हे. मोठ्या माणसाच्या जागी मुलाला बसवणं नव्हे. शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 मध्ये नाही, आणि विश्रांतीचा वेळ सोडून दिवसाला 3 तासांपेक्षा जास्त नाही.

आता तुमचं घर डोळ्यांपुढे आणा. मुलगी साडेपाचला शाळेतून येते, काही खाते, सहाला बसते. मण्यांत दोरा ओवायचा, गोंडा चिकटवायचा, बाराच्या जुड्या करायच्या. एक ग्रॉस म्हणजे 144 राख्या. माल उद्या सकाळी द्यायचा असला की हात रात्री साडेनऊपर्यंत चालतात. ही राखी तुमच्या घराची नाही, ठेकेदाराची आहे, आणि प्रत्येक नगावर पैसे आहेत. नियमाच्या भाषेत हे ‘मदत’ मध्ये बसत नाही. बाजारातून भाजी आणणं, धाकट्याला सांभाळणं, तुमचे सुटे मणी डबीत भरून ठेवणं याला कोणी काही म्हणणार नाही. नगावर पैसे मिळणारं काम तिच्या हातून झालं की रेषा ओलांडली गेली.

घाबरू नका, कायदा आधी तुमच्यामागे लागत नाही. आईवडिलांना शिक्षा तेव्हाच आहे जेव्हा त्यांनी मुलाला नियम मोडून धंद्यासाठी कामाला लावलं, आणि पुन्हा तेच केलं तर 10 हजारांपर्यंत दंड. पण ठेकेदाराला तुमच्याकडून जितके ग्रॉस हवेत तितके एकट्या माणसाच्या हातून होत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असतं. दर बांधतानाच तो घरातल्या लहान हातांचा हिशेब धरतो. आम्हाला राग आहे तो याच गोष्टीचा. शक्य असेल तर चाळीतल्या तीन-चार बायकांनी मिळून माल घ्या आणि दर एकत्र ठरवा. मुलीचा हात काढला म्हणून घटलेली कमाई दर वाढवून घेतल्याशिवाय भरून निघायची नाही.

‘कुटुंब’ म्हणजे कोण, हेही ऐकून ठेवा, कारण दिव्या-मुंब्र्यात ‘मामा’ शब्द फार सैल वापरला जातो. कायद्यातलं कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. तेही सख्खे. कायदेशीर दत्तक भावंडं चालतात. चुलतभाऊ नाही, काकू नाही, मामी नाही, गावचा मामा तर नाहीच. आजोबाही यादीत नाहीत. मोबाइलच्या दुकानात, गॅरेजमध्ये, टपरीवर ‘हा माझा भाचा आहे’ म्हणून बसवलेल्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा : आईचा सख्खा भाऊ आहात का?

शाळेबद्दलही एक नियम आहे. मूल न कळवता सलग 30 दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं असतं. राखीच्या सीझनमध्ये, गणपतीत, लग्नसराईत हजेरीपटातली ओळ रिकामी दिसू लागली की पालकसभेत ते बोला.

प्रश्न : घोडबंदर रोडला मालिकेचं शूटिंग चालतं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला भूमिका मिळाली आहे. काय तपासू? (कासारवडवली)

परवानगी निर्मात्याने काढायची असते, तीही ज्या जिल्ह्यात शूटिंग त्या जिल्हाधिकाऱ्यांकडून. तुमच्याकडे ठाणे. परवानगीची प्रत मागून घ्या. तुमची लेखी संमती, मुलांची यादी आणि मुलाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणावर त्याचं नाव त्यासोबत लागतं, आणि परवानगीसाठी निर्मात्याने दिलेलं हमीपत्र 6 महिनेच चालतं. सेटवर दिवसाला 5 तासांच्या वर नाही, सलग 3 तासांच्या वर नाही, सलग 27 दिवसांच्या वर नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. शिक्षणाची सोय निर्मात्याची. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवा. ‘नंतर टाकू’ म्हटलं तर आधी खातं उघडा, मग करारावर सही करा. आणि मुलाची इच्छा नसेल तर त्याला उभं करता येत नाही, नियमातच तसं आहे. सेटवरचा ‘कॉल टाइम’ आणि प्रत्यक्ष सुटल्याची वेळ रोज वहीत टिपा. पुढे वाद झाला तर हीच नोंद कामी येते.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या चहाच्या टपरीवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा दिवसभर ग्लास धुतो. एका फ्लॅटमध्ये पंधरा वर्षांची मुलगी राहून काम करते, तिचा पगार ‘गावचा माणूस’ नेतो. तक्रार केली तर मुलांचंच नुकसान होईल का? नेमकं काय करायचं? (नेरूळ)

दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, म्हणून वेगळीच हाताळा.

टपरीवरच्या मुलाचं सरळ आहे. 14 खालचा, घरचा धंदा नाही, म्हणजे गुन्हा, आणि तो दखलपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. ‘पगार देत नाही, नुसता शिकायला ठेवलाय’ हे उत्तर चालत नाही, कारण कलमात ‘कामावर ठेवणं’ सोबत ‘काम करू देणं’ हेही आहे.

फ्लॅटमधली मुलगी पंधराची असल्याने तिच्यासाठी बाल न्याय कायदा 2015 चं कलम 79 बघायचं. 18 खालच्या मुलाला कामासाठी अडकवून ठेवणं, त्याची कमाई रोखून धरणं किंवा स्वतःसाठी वापरणं यासाठी 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड आहे. पगार नेणारा ‘गावचा माणूस’ यातच येतो. याच कलमात रस्त्यावर वस्तू विकायला लावणंही धरलंय, म्हणजे तीन हात नाक्याच्या सिग्नलवर फुगे-पेन विकणारी मुलंही.

तक्रार 1098 वर करा. फोन फुकट, चोवीस तास. तातडीचं असेल तर 112. केंद्राचं पेन्सिल पोर्टलही आहे, तिथे ऑनलाइन नोंदवता येतं. फोनवर ‘इथे बालमजुरी चालते’ एवढंच सांगितलं तर पथक येऊन हात हलवत परत जातं. सांगा हे : टपरी नेमकी कुठे, कोणत्या गेटसमोर, मूल कोणत्या वेळेत नक्की असतं, काय काम करतं, अंदाजे वय, रात्री झोपतं कुठे, मालक कोणत्या वेळी असतो. वेळ सर्वांत महत्त्वाची. चहाची टपरी सकाळी साडेसहा ते अकरा गजबजते, दुपारी पथक आलं तर मूल आतल्या खोलीत झोपलेलं असतं.

मालकाला आधी समजावून सांगायला जाऊ नका. हेतू चांगला असतो, पण संध्याकाळच्या गाडीने मूल गावी किंवा दुसऱ्या टपरीवर पोहोचलेलं असतं. मुलाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. कारवाईत सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड.

पुढे काय होतं ते माहीत असलं की धीर येतो. मुलाला 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे नेतात. समिती घरच्यांचा शोध घेते आणि मुलाला घरी पाठवायचं की बालगृहात, ते ठरवते. मालकाकडून वसूल झालेला दंड मुलाच्या पुनर्वसन निधीत जातो आणि सरकार त्यात 15 हजार घालतं. बिघडतं ते साधारण दोन जागी. एक, पंचनाम्यात थकलेली मजुरी लिहिली जात नाही, मग ती कोणी मागतही नाही. तक्रारदार म्हणून तुम्ही हजर असाल तर ती लिहून घ्यायला सांगा. दोन, मूल घरी जातं पण शाळेत जात नाही, आणि दोन महिन्यांनी तोच ठेकेदार पुन्हा घेऊन येतो. म्हणून समितीकडे महिन्याभराने विचारणा करा : नाव कोणत्या शाळेत घातलं? वयाचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. शिक्षणहक्क कायद्यातच तसं आहे.

प्रश्न : तुम्ही कायदा सांगता, पण गरिबाच्या घरी दोन पैसे येतात ते बंद केले तर तो खाणार काय? थोडी सूट दिली तर घर तरी चालेल. (कळवा)

तुमचा प्रश्न खरा आहे. नुसती धाड घालून कोणाचं पोट भरत नाही, हे मान्य. पण मूल कामावर येतं ते मोठ्या माणसाच्या जागी, निम्म्या पैशात. टपरीवाल्याला अकरा वर्षांचा मिळाला की तो पंचविशीतल्या माणसाला पूर्ण पगार देणार नाही, आणि तो पंचविशीतला बहुतेक वेळा अशाच दुसऱ्या गरीब घरातला कमावता असतो. सूट दिली की त्याचा दर आणखी खाली येतो.

कायद्यात खरी फट दुसरीकडेच आहे आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंचे राजकारणी क्वचित बघतात. शिक्षणहक्क 6 ते 14, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. काम करायची मुभा 14 पूर्ण झाल्यावर. म्हणजे सक्तीचं आणि मोफत शिक्षण जिथे संपतं, बरोबर तिथेच कामाचं दार उघडतं. नववी-दहावीतली गळती थांबवायची तर शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत न्या, ही मागणी कळव्याच्या नाक्यावरच्या सभेत उमेदवाराला विचारण्यासारखी आहे. तासांची सूट मागून ही फट बुजत नाही, उलट रुंदावते.

ज्यांनी आधीच शाळा सोडली आहे त्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं. फॉर्म राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि दिलेल्या शाळेत कागदपत्रं द्यायची. मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर निघण्याआधी शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ज्या गावी जाल तिथल्या शाळेत ते दाखवून प्रवेश मिळतो. आणि भट्टीवाल्याने उचल दिली म्हणून मुलांसकट घरचे सगळे राबत असतील, सोडून जाऊ देत नसतील, तर तो बालमजुरीच्याही पुढचा प्रकार आहे : वेठबिगार, 1976 च्या कायद्याने बंद. तिथे थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, उचल फेडायची कायदेशीर जबाबदारी उरत नाही.

प्रश्न : मुलगा सोळाचा, आयटीआयला आहे. रबाळे एमआयडीसीतली एक कंपनी म्हणते ‘ट्रेनी’ म्हणून घेतो, कागद नको. चालेल? (घणसोली)

कागद नको म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 नुसार 14 पूर्ण झालेला मुलगा शिकाऊ होऊ शकतो, धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडला 18 लागतात. पण त्यासाठी करार हवा, मुलगा अज्ञान (म्हणजे अठराखालचा) असल्याने त्यावर पालकाची सही हवी आणि करार नोंदलेला हवा. नोंदलेला करार नसेल तर तो शिकाऊ नाही, साधा किशोर कामगार आहे, आणि मग वरचे 6 तास, संध्याकाळी सातची मर्यादा आणि धोकादायक प्रक्रियांची बंदी त्याला जशीच्या तशी लागू. कंपनीकडे दोन गोष्टी मागा : कराराचा नोंदणी क्रमांक, आणि मुलगा नेमक्या कोणत्या यंत्रावर किंवा प्रक्रियेवर उभा राहणार ते लेखी. दुसरी गोष्ट लिहून द्यायला कां-कूं केली तर तिथे रसायनाचं किंवा प्रेसचं काम असण्याची शक्यता धरा आणि आयटीआयच्या प्राचार्यांकडून दुसरी जागा मागून घ्या.